शेततळ्याचा कागद बदलताना

तीन मीटर खोल शेततळे काठोकाठ भरले, की तळाच्या प्रत्येक चौरस मीटरवर तीन टन पाणी उभे राहते. तळात अंथरलेला प्लास्टिकचा कागद साधारण 500 मायक्रॉनचा, म्हणजे अर्धा मिलिमीटर जाडीचा असतो. एवढा पातळ कागद तीन टनांखाली टिकतो, कारण सगळा भार त्याच्यातून सरळ खालच्या मातीवर उतरतो. पाझर अडवणे एवढेच कागदाचे काम असते. कागदाखाली पोकळी, दगडाचे टोक किंवा भेग असेल, तर तेवढ्या जागी मात्र तो भार कागदालाच तोलावा लागतो आणि कागद तिथेच ताणला जाऊन फाटतो. म्हणून अस्तर बदलण्याचे यश नव्या कागदाइतकेच त्याच्याखालच्या जमिनीवर ठरते.

धार आणि देवास हे माळव्याच्या पठारावरचे दोन जिल्हे, पूर्वीची पवारांची मराठी संस्थाने. अस्तर आणि खालची जमीन यांच्या या नात्याच्या वेगवेगळ्या तऱ्हा या भागात पाहायला मिळतात. धार जिल्ह्यातील मांडूचा किल्ला उंच डोंगरमाथ्यावर आहे. तिथे पावसाचे पाणी साठवल्याशिवाय वस्ती शक्य नव्हती. कपूर तलाव आणि मुंज तलाव यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्टीवर जहाज महाल उभा आहे. तो सुलतान गियासुद्दीनच्या काळातला (1469 ते 1500) मानला जातो. महालातील स्नानाच्या हौदांपर्यंत पाणी नागमोडी, चक्राकार दगडी पन्हळींतून फिरवत आणलेले दिसते. पाण्याचा वेग त्यामुळे मंदावतो आणि गाळ वाटेतच बसतो. अशा बांधीव हौदांचे अस्तर म्हणजे चुन्याचा गिलावा. तो कडक असतो, त्यामुळे खाली दगडी बांधकामाचा पक्का आधार असेपर्यंतच तो शाबूत राहतो. आधार हलला की त्याला तडा जातो.

देवास जिल्ह्यातील शेतांत बरेचदा वेगळ्या अस्तराची गरजच पडत नाही. तिथली काळी माती बेसाल्ट झिजून तयार झाली आहे आणि तिच्यात माँटमोरिलोनाइट गटातील चिकणखनिजे भरपूर असतात. या खनिजांचे सूक्ष्म पापुद्रे एकमेकांवर रचलेले असतात. पापुद्र्यांमध्ये पाणी शिरले की माती फुगते, तिची छिद्रे मिटतात आणि पाझर अगदी मंदावतो. अशी माती असूनही 1990 मध्ये देवास शहराला रेल्वेने पाणी आणावे लागले होते. कूपनलिका खोल खोल जात होत्या आणि तरीही कोरड्या पडत होत्या. 2006 मध्ये जिल्हाधिकारी उमाकांत उमराव यांनी शेतकऱ्यांना आपल्या जमिनीचा सुमारे दहावा हिस्सा तळ्यासाठी देण्याचे आवाहन केले. त्यातून झालेली ‘रेवा सागर’ तळी मुख्यतः या काळ्या मातीच्या भरवशावर उभी राहिली. पावसाळ्यात भरायची आणि गहू-हरभऱ्याला पाणी देत रिकामी करायची, या हिशेबात थोडा पाझर गेला तरी नुकसान नाही. तो आसपासच्या विहिरींनाच मिळतो. जिथे माती स्वतः पाणी धरते तिथे प्लास्टिक अंथरू नये, हेच शहाणपणाचे.

कागद लागतो तो वेगळ्या ठिकाणी. काळ्या मातीचा थर उथळ असून खाली मुरूम आणि भेगाळलेला खडक लागतो, किंवा फळबागेसाठी पाणी मे महिन्यापर्यंत राखायचे असते, अशा जागी अस्तराशिवाय तळे टिकत नाही. धार जिल्ह्यात विंध्याचा कडा नर्मदेकडे उतरतो, त्या उतारांवर अशा उथळ जमिनी पुष्कळ आहेत. महाराष्ट्रातही मुरमाड माळावरची शेततळी याच कारणाने कागदाची झाली. मात्र कूपनलिकेचे पाणी उपसून ते कागदाच्या तळ्यात भरून ठेवणे हा भूजलावर उघड अन्याय आहे. जमिनीखाली सुरक्षित असलेले पाणी त्यामुळे उन्हात वाफ होण्यासाठी वर काढले जाते, आणि अस्तर ते परत मुरूही देत नाही.

शेततळ्याचा कागद पॉलिथिलीनचा असतो. उच्च घनतेच्या पॉलिथिलीनच्या (एचडीपीई) विणलेल्या कापडावर दोन्ही बाजूंनी थर चढवलेल्या प्रकारासाठी ‘आयएस 15351’ हे भारतीय मानक आहे. पोहण्याच्या तलावात वापरतात ते व्हिनाइल अस्तर मात्र पीव्हीसीचे असते. दोन्हींचा स्वभाव वेगळा आहे. पीव्हीसी मुळात कडक असते आणि त्यात मिसळलेल्या मृदुकारकांमुळे ते लवचीक होते. ऊन आणि क्लोरीन यांच्या माऱ्यात ही द्रव्ये हळूहळू निघून जातात, अस्तर आखडते आणि कोपऱ्यात चिरते. पॉलिथिलीनमध्ये मृदुकारक नसतात. त्याचा शत्रू अतिनील किरण. हे किरण रेणूंच्या लांब साखळ्या तोडतात. त्यांना अडवण्यासाठी कागदात दोन-अडीच टक्के काजळी मिसळतात आणि कागद काळा होतो. तरीही आधी जीर्ण होतो तो पाण्याच्या पातळीच्या वरचा, वर्षातले अनेक महिने उघडा राहणारा काठाचा पट्टा. पाण्याखालचा भाग बहुधा धडधाकट असतो.

पाणी घटते म्हणजे कागद फाटलाच असे नाही. आधी बाष्पीभवन वजा करावे लागते. तळ्याच्याच पाण्याने भरलेली बादली काठाजवळ पाण्यात स्थिर ठेवायची आणि चोवीस तासांनी बादलीतली व तळ्यातली घट मोजायची. दोन्ही सारख्या असतील तर पाणी उन्हाने नेले. तळ्यातली घट जास्त असेल तर गळती आहे, आणि तिचा आकडा लहान नसतो. 30 मीटर लांब-रुंद तळ्यात पातळी एक सेंटीमीटर उतरली म्हणजे 9,000 लिटर पाणी गेले. एखाद-दुसरे भोक असेल तर ठिगळ पुरते. पीव्हीसीला विशिष्ट गोंदाने पाण्याखालीसुद्धा ठिगळ लावता येते. पॉलिथिलीनला साधा गोंद धरत नाही, तिथे कोरड्या, स्वच्छ पृष्ठभागावर उष्णतेनेच जोड द्यावा लागतो. कागद हाताने चुरगळताच तडकू लागला, तर ठिगळांवर खर्च करण्यात अर्थ नाही.

बदलायचे काम उन्हाळ्याच्या अखेरीस, पावसाआधी करावे. तेव्हा तळे रिकामे असते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे भूजलाची पातळी खाली गेलेली असते. भरल्या भूजलात तळे उपसले तर कागदाखालचे पाणी त्याला वर उचलते. पॉलिथिलीन पाण्यापेक्षा हलके असल्याने दोन्ही बाजूंना पाणी मिळताच ते तरंगू पाहते. पीव्हीसी पाण्यापेक्षा जड असले, तरी वरचा भार गेल्यावर खालचा दाब त्यालाही सोडत नाही.

जुना कागद निघाला की जमीन वाचता येते. ओलसर डाग गळतीची जागा दाखवतात. उंदीर-खेकड्यांची बिळे, झाडांची मुळे, वर आलेले दगड सगळे शोधून काढावे लागते. मुळे आणि काडीकचरा तसाच राहिला तर तो कुजून वायू तयार होतो आणि नवा कागद मध्येच फुगून पाण्यावर येतो. काळ्या मातीत खरी अडचण भेगांची असते. उन्हाळ्यात त्या सर्वांत रुंद असतात. त्यांत कोरडी ढेकळे ढकलली तर वर सपाट दिसते आणि आत पोकळी उरते. भेगा उकरून त्यांत बारीक माती थोडी ओलवून थराथराने भरावी आणि धुम्मसाने ठोकावी लागते. शेवटी बारीक चाळलेली माती किंवा जिओटेक्स्टाइलचे जाड कापड अंथरतात. जुना कागदच खाली ठेवण्याचा मोह होतो, पण दोन अभेद्य थरांमध्ये शिरलेले पाणी अडकते आणि उतारावर एक थर दुसऱ्यावर घसरतो.

मापात काठापासून काठापर्यंतचे अंतर धरून चालत नाही. वर 30 बाय 30, खोली 3 मीटर आणि उतार 1:1 असे तळे 2,196 घनमीटर पाणी धरते. त्याचा तळ 24 मीटरचा आणि दोन्ही उतार सव्वाचार-सव्वाचार मीटरचे, म्हणजे उतारावरून मोजलेली लांबी साडेबत्तीस मीटर होते. काठावरची पट्टी आणि चरात पुरायचा भाग मिळून जवळपास 36 मीटरचा चौरस कागद लागतो. त्याचे वजन सुमारे 600 किलो भरते, म्हणून तो ओढून नव्हे, बऱ्याच माणसांनी उचलून उलगडावा. ओढताना एक खडा पुरेसा असतो.

कागद पहाटे अंथरावा. पॉलिथिलीन उन्हाने बरेच प्रसरण पावते. काळा कागद मे महिन्याच्या उन्हात चाळीस अंशांनी तापला, तर 36 मीटर लांबीत पाव मीटरच्या आसपास फरक पडतो. भर दुपारी ताणून बसवलेला कागद रात्री आखडतो, कोपऱ्यांत मातीपासून सुटून हवेत टांगल्यासारखा राहतो आणि मग पाण्याचा भार त्यावर येतो. थोडी सैल ठेवण तापमानाची ही ओढ सामावून घेते. जोड असतील तर गरम पाचरीच्या यंत्राने दुहेरी पट्टीत वितळवून करतात. दोन पट्ट्यांमधल्या पोकळीत हवा भरून दाब टिकतो का, हे लगेच तपासता येते.

काठापासून थोड्या अंतरावर अर्धा मीटर खोल चर खणून त्यात कागदाची कड सोडतात. हा चर लगेच ठोकून बुजवू नये. आधी तळात घोटाभर पाणी घ्यावे आणि तेवढ्या वेळात अनवाणी पायांनी सुरकुत्या काठाकडे सरकवाव्यात. पाणी 30 सेंटीमीटर झाले की तळावर 170 टनांहून अधिक भार येतो, मग सुरकुती हलत नाही. पोहण्याच्या तलावात अस्तरामागची हवा यंत्राने शोषून ते भिंतीला चिकटवतात. मातीच्या तळ्यात ही सोय नाही, कारण मातीतून हवा सतत आत येत राहते. पाणी चढेल तसा कागद थोडा खाली सरकतो. तळे अर्धे भरल्यावर चर पक्का बुजवावा. भरणीच्या नळाखाली कागदाचा जादा तुकडा ठेवावा, म्हणजे धार एकाच जागी आदळत नाही.

नव्या कागदाचा उतार ओला झाला की अतिशय निसरडा होतो. पडलेले माणूस किंवा जनावर स्वतःहून वर येऊ शकत नाही, चांगला पोहणाराही. यासाठी तळ्याला कुंपण, काठावरच्या खुंट्यांना बांधून पाण्यापर्यंत सोडलेले गाठींचे दोर आणि हवा भरलेली ट्यूब ही अस्तराच्याच खर्चात धरायला हवीत. ती पहिले पाणी सोडण्याआधी बसवावीत.