बुडबुड्यांचं क्षेत्रफळ

अल कुसैसमध्ये भारतीय शाळा बऱ्याच आहेत. त्यामुळे बारावीच्या निकालाच्या सुमारास आमच्या इमारतीच्या लिफ्टमध्ये एकच विषय असतो: कुठलं विद्यापीठ? आणि एक शंका हमखास येते. "तिथले प्रोफेसर संशोधनात गढलेले असतात म्हणे, मग पोरांना शिकवतात कधी?"

उत्तरासाठी आधी सोड्याची बाटली उघडा. वर येणारे बुडबुडे दिसतात ना? त्या सगळ्यांच्या पृष्ठभागाचं मिळून क्षेत्रफळ किती, सांगता येईल?

प्रश्न पोरकट वाटेल, पण तो लाखमोलाचा आहे. वायू द्रवात शिरतो तो दोघांचा जिथे स्पर्श होतो तिथूनच. अबू धाबीच्या शाह क्षेत्रातल्या नैसर्गिक वायूत जवळपास पाव भाग विषारी हायड्रोजन सल्फाइड असतो. उंच मनोऱ्यात अमाइनच्या द्रावणाने तो धुऊन काढतात. स्पर्शाचं क्षेत्रफळ ठाऊक नसेल तर मनोरा किती उंच बांधायचा, हे ठरणार कसं?

आता मुंबईला चला. मुंबई विद्यापीठाने 1933 मध्ये रासायनिक तंत्रज्ञानाचा विभाग काढला. तोच माटुंग्याचा यूडीसीटी, आताचं आयसीटी. 1964 मध्ये केंब्रिजहून पीएचडी करून मनमोहन शर्मा तिथे प्रोफेसर झाले, वय वर्षं 27. त्यांच्या हाताखाली गोव्यातल्या माशेलचे रघुनाथ माशेलकर 1966 मध्ये पदवी घेऊन संशोधनाला लागले. त्यांच्या कामात होता बुडबुड्यांचा स्तंभ, म्हणजे द्रवाने भरलेली उभी नळी आणि खालून सोडलेला वायू.

शर्मा आणि केंब्रिजचे त्यांचे गुरू डँकवर्ट्स यांनी रुळवलेली युक्ती अशी. पाण्याऐवजी कॉस्टिक सोड्याचं योग्य तीव्रतेचं द्रावण घ्या आणि त्यात थोडा कार्बन डायऑक्साइड मिसळलेली हवा सोडा. अभिक्रिया इतकी झटपट होते की वायू आत खोलवर पोचतच नाही, पृष्ठभागाच्या पातळ थरातच संपतो. म्हणून द्रव संथ असो की घुसळलेला, एका चौरस सेंटीमीटरमधून सेकंदाला शोषला जाणारा वायू तेवढाच! हा दर आधी माहीत क्षेत्रफळाच्या सपाट पृष्ठभागावर मोजून ठेवायचा. मग स्तंभात एकूण किती वायू शोषला गेला ते पाहायचं आणि त्याला या दराने भागायचं. एकही बुडबुडा न मोजता क्षेत्रफळ हातात.

आणि एकूण वायू कसा मोजायचा? द्रावणाचा नमुना घेऊन ॲसिडने टायट्रेशन करायचं. तुमची मुलगी शाळेच्या लॅबमध्ये ब्युरेट धरून करते, तेच. परकीय चलनाची टंचाई असलेल्या त्या काळात महागडं यंत्र मागवायची गरजच उरली नाही.

माशेलकरांना 1969 मध्ये पीएचडी मिळाली. पुढे शर्मा 1990 मध्ये आणि माशेलकर 1998 मध्ये रॉयल सोसायटीचे फेलो झाले. मला मात्र यात जास्त महत्त्वाचं वाटतं ते ब्युरेट. पहिल्या वर्षी टायट्रेशन नुसतं उरकलेल्या मुलाचे आकडे इथे टिकले नसते, आणि पायाचं रसायनशास्त्र पक्कं नसलेल्या प्रोफेसरला असा प्रश्न सुचला नसता.

तेव्हा एखाद्या विद्यापीठाच्या ओपन डेला गेलात तर चकचकीत यंत्रं जरूर बघा, फोटोही काढा. पण पहिल्या वर्षाचं प्रॅक्टिकल कोण घेतं, हेही विचारा.