परसातले नर पिल्लू वेळीच ओळखा

उसाचे बिल हप्त्याने येते. अंड्याचा पैसा रोजचा, तोही घरच्या बाईच्या हातातला. म्हणून आज कोंबड्यांविषयी.

बंगळूरची गिरिराज, हैदराबादची वनराज ही पिल्ले बहुधा न निवडताच मिळतात. साधारण निम्मी नर निघायचीच. सहा ते आठ आठवड्यांत नराचा तुरा मोठा, लाल होतो. पण नुसत्या तुऱ्यावर जाऊ नका. आमच्या घरची एक चांगली तलंग अशीच निलंग्याच्या बाजारात गेली. बोलणी अजून खातो! तिसऱ्या महिन्यात कमरेवरची पिसे बघा: नराची लांब, टोकदार, तलंगेची गोल.

दहा कोंबड्यांमागे एक नर पुरे. पिल्ले काढायची नसतील तर तोही नको, अंडी त्याच्यावाचून येतात. बाकीचे वजन भरताच विका. उगाच दाणा खातात अन् माद्यांची पाठ सोलतात.