‘पसंत आहे’ म्हणणारे गिऱ्हाईक

मोठ्या कंपन्या नवा माल आणण्यापूर्वी ग्राहकांची पाहणी करतात. आपण दुकानदार गल्ल्यावर बसून चार गिऱ्हाइकांना विचारतो. काम एकच, आणि फसगतही एकाच जातीची.

१९८५ सालची कोका-कोला कंपनीची गोष्ट पाहा. अमेरिकेत पेप्सी तिचे गिऱ्हाईक ओढत होती. म्हणून कोकने चव बदलायचे ठरवले आणि सुमारे दोन लाख लोकांना, पुष्कळदा नाव न दाखवता, जुने व नवे पेय चाखायला दिले. जास्त लोकांनी नवे, अधिक गोड पेय पसंत केले. २३ एप्रिलला नवे पेय जाहीर झाले, जुने बंद केले. लोक असे बिथरले की ११ जुलैला कंपनीला जुने परत आणावे लागले. अवघे ७९ दिवस!

दोन लाख हा आकडा काही लहान नाही. घोटाळा प्रश्नात होता. ‘कोणते आवडले?’ एवढ्यावर भर दिला. ‘जुने मिळेनासे झाले तर?’ याचे वजन कुणी नीट केले नाही. शिवाय घोटभर गोड लागते ते बाटलीभर प्यायल्यावर तसेच लागेल, असेही नाही.

माझे नुकसान लहान, पण स्वतःच्या खिशातले. एका ईदच्या हंगामाआधी ड्रेस मटेरियलचा नवा नमुना चाळीसएक ओळखीच्या गिऱ्हाइकांना दाखवला. सगळे म्हणाले, ‘वा शेठ, फार छान!’ मी अडीचशे सूट उचलले. ईद झाली तरी दीडशेवर फळीवरच. व्यापारी बंधूंनो, ही मुर्वत होती. दुकानदाराच्या तोंडावर नाही कोण म्हणेल? त्यात मी विचारले बहुतेक पुरुषांना. कपडा निवडणाऱ्या बायका घरी होत्या. भावही सांगितला नव्हता.

आता मी विचारत नाही. दहा-बारा नग आणतो, भावाची चिठ्ठी लावून जुन्या मालाशेजारी ठेवतो आणि काय उचलले जाते ते पाहतो. मात्र सणाच्या आठवड्यातला खप वर्षभराचा धरत नाही. रिकाम्या हाताने परतणाऱ्याने काय मागितले होते, ते नोकर वहीत लिहितो. गेल्या महिन्यात त्या वहीत अकरा वेळा एकच मागणी निघाली: मोठ्या पन्ह्याचे सुती अस्तर. माझ्याकडे ते ठेवलेलेच नव्हते.