जहाजाच्या प्लेटची जात

लोखंड ते लोखंड, त्यात जात कसली, असे आम्हांला एकदा एका स्नेह्यांनी विचारले. पंचविशीपर्यंत आमचीही समजूत तशीच होती. गोदीत कामाला लागलो तेव्हा आवारात प्लेटींच्या थप्प्या लागलेल्या असत. साऱ्या सारख्याच तांबूस. कोपऱ्यात पांढऱ्या रंगाने काढलेली अक्षरे आणि आकडे तेवढे निराळे. ती वाचायला आम्हांला कोणी शिकवले नाही. जेवणाच्या सुट्टीत सर्व्हेयरच्या मागे हिंडून आणि नियमपुस्तकातल्या ओळींवर बोट ठेवून ती हळूहळू उलगडली. तेच आज श्रोत्यांपुढे ठेवतो.

आधी आकडा. प्लेट ताणली की थोडी लांबते आणि सोडली की पूर्ववत होते. एका मर्यादेपलीकडे ताणली तर मात्र ती कायमची लांबते. साध्या जहाजी पोलादाची ही मर्यादा चौरस मिलिमीटरला २३५ न्यूटन, म्हणजे सुमारे २४ किलोग्रॅम भार. उच्चबल पोलादांवर ३२, ३६, ४० असे आकडे असतात. ते जुन्या किलोग्रॅमच्या हिशेबाचे; आजच्या मापात ३१५, ३५५ आणि ३९० न्यूटन.

आता अक्षर. १६ जानेवारी १९४३ च्या रात्री अमेरिकेत पोर्टलंड येथे ‘स्केनेक्टडी’ नावाचे नवे कोरे तेलवाहू जहाज धक्क्याला बांधलेले होते. वादळ नाही, लाटा नाहीत; हवा थंड होती एवढेच. मोठा आवाज झाला आणि जहाज मधोमध चिरले. डेक तुटला, दोन्ही बाजू तुटल्या, तळाची प्लेट कशीबशी टिकली. युद्धकाळात घाईने बांधलेल्या ‘लिबर्टी’ जहाजांपैकीही अनेकांना अशा भेगा पडल्या. पहिला ठपका वेल्डिंगवर आला, म्हणजे अर्थात वेल्डरवर. केंब्रिजच्या कॉन्स्टन्स टिपर या विदुषींनी दाखवून दिले, की ते पोलादच थंडीत काचेसारखे ठिसूळ होत होते. रिव्हेटच्या जहाजात भेग प्लेटच्या कडेला येऊन थांबे; वेल्ड केलेल्या जहाजात सारे अंग एकसंध, तिला वाट मोकळी.

म्हणून अक्षर. खाच पाडलेला लहानसा तुकडा ठरावीक थंडीत ठेवून त्यावर लोलकाचा हातोडा सोडतात आणि तुटताना त्याने किती ऊर्जा गिळली ते मोजतात. उच्चबल पोलादात ‘ए’ची परीक्षा शून्य अंशाला, ‘डी’ची उणे २० ला, ‘ई’ची उणे ४० ला आणि ‘एफ’ची उणे ६० ला. तेव्हा एएच ३६ आणि ईएच ३६ यांचे बळ एकच, चिवटपणा वेगळा. आमच्या मुंबईच्या उबदार पाण्यात ‘ई’ कशाला, असे कोणी म्हणेल. पण जाड प्लेट पातळ प्लेटीपेक्षा लवकर ठिसूळपणे तुटते. म्हणून डेकच्या कडेच्या पट्ट्याला, जेथे जहाज सर्वांत जास्त ताणले जाते, जाडी वाढली की वरचे अक्षर मागतात.

उच्चबल प्लेट घेतात कशासाठी? ती पातळ करता येते, जहाज हलके होते, तेवढा माल जास्त मावतो. मालकाचे गणित बरोबर आहे, पण अपुरे. ३६ चे बळ साध्यापेक्षा दीडपट असूनही नियम दीडपट सूट देत नाहीत. गंज दोन्हींना सारखाच खातो. लवचिकता दोन्हींची एकच, म्हणून पातळ प्लेट लवकर दुमडते. आणि सर्वांत मोठी गोष्ट अशी, की लाटांच्या लाखो हेलकाव्यांनी वेल्डच्या कडेला जी थकव्याची भेग पडते, तिला प्लेटीच्या बळाचे काही सोयरसुतक नसते. प्लेट महाग घेतली म्हणून जोड जास्त जगत नाही. उलट पातळ प्लेटीत ताण वाढतो आणि जोड लवकर थकतो.

समुद्रातील तेलाच्या मंचांची गोष्ट आणखी कडक. मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर १९७४ साली तेल सापडले. तेथले मंच पाण्यात पाय रोवून उभे आहेत. जहाज ठरल्या मुदतीने सुक्या गोदीत येते, मंच येत नाही. म्हणून मंचासाठी एस ३५५ जी १० सारखी निराळी पोलादे. आकडा तोच ३५५, पण गंधक फार कमी, आणि प्लेट जाडीच्या दिशेने ओढूनही तपासलेली. कारण नळ्यांच्या सांध्यात प्लेटीला त्या दिशेने ताण बसतो, आणि मळ असलेली प्लेट पापुद्र्यासारखी सुटते.

पण चांगले पोलादही पुरत नाही. २७ मार्च १९८० रोजी नॉर्वेच्या समुद्रात ‘अलेक्झांडर कीलँड’ हा तरंगता मंच उलटला. २१२ माणसांपैकी १२३ मेली. एका आडव्या नळीवर यंत्र बसवण्यासाठी एक क्षुल्लक आधार वेल्ड केला होता. भेग तेथून निघाली. तपासात त्या भेगेच्या आत रंग सापडला. म्हणजे मंच यार्डातून बाहेर पडण्यापूर्वीच ती होती, आणि रंगाऱ्याने तिच्यावरून ब्रश फिरवला होता.

ही हकिगत वाचली तेव्हा आम्हांला आमचा एक जुना तंटा आठवला. जाड उच्चबल प्लेट वेल्ड करण्यापूर्वी तापवावी लागते आणि रॉड भट्टीत भाजून कोरडे करावे लागतात; नाहीतर ओलाव्यातला हायड्रोजन पोलादात शिरतो आणि भेग एक-दोन दिवसांनी उघडते. त्या ठिकाणी मजुरी जोडाच्या लांबीवर होती. तापवण्याचा वेळ कोणी मोजत नसे. भट्टी एकच, तीही बिघडलेली. तिसऱ्या दिवशी भेगा दिसल्या आणि नोटीस मिळाली दोन वेल्डरांना. आम्ही चौकशीत नियमपुस्तकच उघडून ठेवले आणि विचारले, की तापमान दाखवणारा खडू या खात्यात शेवटचा केव्हा आला? खडू आलाच नव्हता. नोटिसा मागे घेण्यात आल्या. नवी भट्टी मिळायला मात्र आठ महिने लागले, आणि तापवण्याचा वेळ मजुरीत धरायला आणखी एक करार.