सुट्टी इतरांची, ड्यूटी आपली

गेल्या दिवाळीत पुण्याहून ग्वाल्हेरला घरी गेलो, तर फराळाच्या आधीच माझ्यावर कामगिरी सोपवली गेली. धाकट्या काकांची मुलगी बारावीत आहे आणि पुढे टूरिझम शिकायचं म्हणते. काका म्हणाले, "तू इंजिनियर आहेस, तुझं ऐकेल ती. जरा समजाव. लोकांना किल्ला दाखवायला कॉलेज कशाला लागतं?"

खरं सांगायचं तर माझंही मत तेच होतं. बीई करताना मला कोणी "तुला काय आवडतं?" असं विचारलं नव्हतं आणि मीही स्वतःला विचारलं नव्हतं. पण समजवायचं तर आधी ऐकायला हवं, म्हणून भाऊबिजेच्या दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं किल्ल्यावर गेलो.

चढावर तिने मला चतुर्भुज मंदिरापाशी थांबवलं. खडकात कोरलेलं छोटंसं देऊळ. लहानपणापासून शंभरदा त्याच्यावरून गेलो असेन. "दादा, तुझं सगळं काम शून्य आणि एकावर चालतं ना? मग हे बघ." इ. स. ८७६च्या त्या शिलालेखात देवळाच्या बागेची लांबी २७० हात आणि रोजच्या ५० माळा असा उल्लेख आहे आणि दोन्ही आकड्यांत आज आपण लिहितो तसं गोल शून्य आहे. भारतातल्या शून्याच्या सर्वांत जुन्या लेखांपैकी हा एक. पंधरा वर्षं संगणकात घालवलेल्या मला हे ठाऊक नव्हतं!

मग ती म्हणाली, "बाहेरची सहल येते, मानमंदिर बघते, फोटो काढते आणि दोन तासांत आग्र्याकडे निघते. तेच लोक एक रात्र इथे राहिले तर हॉटेलवाला, रिक्षावाला, गजक विकणारा, सगळ्यांच्या हाताला काम मिळेल. त्यांना थांबवायचं कसं, ते शिकायचंय मला."

आता मात्र मी नीट चौकशीला लागलो. पहिली गोष्ट कळली ती ही, की आपण घरात ज्याला सरसकट "हॉटेल लाइन" म्हणतो, ते दोन वेगळे अभ्यास आहेत. टूरिझममध्ये संपूर्ण प्रवासाचा विचार असतो. पर्यटनाचा भूगोल, विमानाची तिकिटं आणि भाडी, व्हिसा आणि परकीय चलन, सहलीची आखणी आणि तिचा खर्च काढणं, एखादं ठिकाण किती गर्दी सोसू शकेल याचा अंदाज. हॉस्पिटॅलिटीमध्ये पाहुणा दारात आल्यापासून निघेपर्यंतचं सगळं येतं. फ्रंट ऑफिस, हाउसकीपिंग, स्वयंपाकघर आणि वाढप हे त्याचे चार खांब, आणि काही महिने प्रत्यक्ष हॉटेलात प्रशिक्षण.

दुसरी गोष्ट अशी, की यात गणित भरपूर आहे. आज रात्री रिकामी राहिलेली खोली उद्या विकता येत नाही. ती गेली ती गेलीच. समजा, हॉटेलात १०० खोल्या आहेत. एका दिवशी ८० खोल्या ३,००० रुपयांनी गेल्या, दुसऱ्या दिवशी ६० खोल्या ४,५०० रुपयांनी. पहिल्या दिवशी पाहुणे जास्त, पण उत्पन्न २ लाख ४० हजार. दुसऱ्या दिवशी २ लाख ७० हजार. कोणत्या दिवशी भाव किती ठेवायचा, हे ठरवणं हेच एक शास्त्र आहे.

आणि कॉलेज तर आमच्या गावातच! केंद्र सरकारच्या पर्यटन मंत्रालयाच्या भारतीय पर्यटन आणि प्रवास व्यवस्थापन संस्थेचं मुख्यालय ग्वाल्हेरला आहे. संस्था १९८३ची. गोव्यात तिचंच जलक्रीडेचं केंद्र आहे. हॉटेल मॅनेजमेंटसाठीच्या केंद्रीय संस्था, म्हणजे आयएचएम, ग्वाल्हेर, गोवा, हैदराबाद, मुंबई अशा आपल्या ओळखीच्या शहरांत आहेत. त्यातली दादरची १९५४ची, देशातली पहिली. तिथल्या पदवीसाठी एनसीएचएम जेईई ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते.

पण मी फक्त गुणगान गाऊन परतलो नाही. माझा एक शाळासोबती हॉटेल मॅनेजमेंट शिकला आहे. त्याला फोन केला. तो म्हणाला, "तिला सांग, प्रशिक्षणात कांदे सोलावे लागतात, चादरी बदलाव्या लागतात, आणि हसतमुखाने दहा तास उभं राहावं लागतं. सुरुवातीचा पगार तुझ्या पहिल्या पगाराच्या निम्माही नव्हता. २०२०च्या लॉकडाउनमध्ये तर तोही कापला गेला. आणि सहा वर्षांत एकही दिवाळी घरी नाही. लोकांना सुट्टी तेव्हा आपल्याला ड्यूटी." थोडं थांबून म्हणाला, "तरी मी सोडणार नाही बरं का."

रात्री जेवताना मी हे सगळं, गोड आणि कडू, काकांसमोर मांडलं. काका एवढंच म्हणाले, "रात्रपाळी, सणवार नाही. मुलीच्या जातीला हे जमायचं का?"

माझ्या आधी तीच बोलली. "बाबा, तुम्ही रेल्वेत गार्ड. माझ्या जन्मापासून किती दिवाळ्या घरी होतात, सांगा बरं?"

काकूंनी हसू लपवायला आमटीचं भांडं उचललं. काका बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "तीन. हिच्या जन्मापासून तीनच."

प्रश्न तिथे मिटला असं नाही. ठरलं इतकंच, की दोन्हीकडचे अर्ज भरायचे, संस्थेत जाऊन शिकणाऱ्या मुलांशी बोलायचं, प्लेसमेंटचे आकडे कागदावर मागायचे, आणि सुट्टीत महिनाभर एखाद्या हॉटेलच्या रिसेप्शनवर उभं राहून बघायचं. पाय दुखूनही तिला दुसऱ्या दिवशी जावंसं वाटलं, तर पुढचा विचार. आपल्या मंडळातल्या ज्या घरांत असा विषय निघाला असेल, त्यांनाही मी हेच सुचवेन.

परवा काकांचा फोन आला. त्यांच्या साहेबांकडे नागपूरचे पाहुणे आले होते, त्यांना काका स्वतः किल्ल्यावर घेऊन गेले. मला विचारत होते, "अरे, ते शून्य नेमकं कोणत्या सालातलं?"