बृहदांत्र-कर्करोगाची पूर्वतपासणी

बृहदांत्र (मोठे आतडे) व त्याचा शेवटचा भाग म्हणजे गुदांत्र यांच्या कर्करोगाचे कोणतेही लक्षण नसलेल्या व्यक्तींची, विशिष्ट वयानंतर, ठराविक कालांतराने केलेली तपासणी. लक्षणे दिसू लागल्यावर करावयाच्या निदानाहून ती भिन्न आहे. हा कर्करोग बहुधा आतड्याच्या अस्तरावर उगवणाऱ्या अंकुरापासून (पॉलिपपासून) उद्‌भवतो आणि अंकुराचे कर्करोगात रूपांतर होण्यास साधारणतः दहा वर्षे लागतात. या अवधीत अंकुर काढून टाकला, तर रोग टळतो. प्रारंभिक अवस्थेत सापडलेला रोगही बहुधा शस्त्रक्रियेने बरा होतो. २०२२ मध्ये जगात या रोगाचे सु. १९ लाख नवे रुग्ण आढळले व सु. ९ लाख मृत्यू झाले, असा अंदाज आहे.

तपासणीच्या पद्धती मुख्यतः दोन. पहिलीत मलातील डोळ्यांना न दिसणारे रक्त रासायनिक परीक्षेने शोधतात. जुन्या ग्वायकम परीक्षेत मांसाहार व मुळ्यासारखे काही पदार्थ वर्ज्य करावे लागत. तिच्या जागी आलेली प्रतिरक्षा-रासायनिक परीक्षा केवळ मानवी रक्तारुण (हीमोग्लोबिन) ओळखते, त्यामुळे पथ्याची गरज उरत नाही व एकच नमुना पुरतो. दुसऱ्या पद्धतीत लवचिक नळीवाटे संपूर्ण बृहदांत्र आतून पाहतात (बृहदांत्रदर्शन) आणि दिसलेले अंकुर त्याच वेळी काढतात. मलपरीक्षेत रक्त आढळल्यास बृहदांत्रदर्शन अपरिहार्य ठरते. अमेरिकेतील मिनेसोटा येथील ४६,५५१ व्यक्तींच्या प्रयोगात (१९९३) दरवर्षी मलपरीक्षा केलेल्या गटात या रोगाने होणारे मृत्यू १३ वर्षांत सु. एक-तृतीयांशाने घटले.

परीक्षा गुणकारी असली, तरी ती करून घेण्यास लोक येतात की नाही यावर तिचे फळ अवलंबून असते. पोलंड, नॉर्वे व स्वीडन या देशांत बृहदांत्रदर्शनासाठी निमंत्रण दिलेल्यांपैकी केवळ ४२ टक्के लोक आल्याचे २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात दिसले. याउलट उत्तर कॅलिफोर्नियातील कायझर पर्मनेंटे या आरोग्यसंस्थेने मलपरीक्षेचा संच टपालाने घरोघर पाठविण्यास प्रारंभ केला. तेथे तपासणी झालेल्यांचे प्रमाण २००० मधील ३९ टक्क्यांवरून २०१५ मध्ये सु. ८३ टक्क्यांपर्यंत गेले आणि या रोगाचा मृत्युदर निम्म्याहून अधिक घटला. मात्र संच परत आला म्हणजे काम संपले, असे नाही. इटलीतील वेनेतो प्रांतात मलात रक्त आढळूनही पुढील तपासणी न केलेल्यांमध्ये या रोगाने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण, ती केलेल्यांच्या सु. दुप्पट होते.

भारतातील परिस्थिती : भारतात हा रोग पाश्चात्त्य देशांच्या मानाने बराच कमी आढळतो. २०१६ मध्ये ठरविण्यात आलेल्या राष्ट्रीय तपासणी कार्यक्रमात ३० वर्षांवरील व्यक्तींसाठी मुख, स्तन व गर्भाशयग्रीवा या तीनच कर्करोगांचा अंतर्भाव आहे; बृहदांत्राचा नाही. रोगाचे कमी प्रमाण पाहता हा निर्णय अवाजवी म्हणता येत नाही. तथापि जे रुग्ण येतात ते तुलनेने तरुण असतात (मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातील २०१७ च्या एका पाहणीत सरासरी वय सु. ४७ वर्षे) आणि पुष्कळदा रोग बळावल्यावर येतात. शौचावाटे रक्त पडणे म्हणजे मूळव्याध, ही सर्वत्र रूढ असलेली समजूत या विलंबाला मोठ्या प्रमाणात कारणीभूत आहे. मूळव्याध पुष्कळांना असते हे खरे. पण बोटाने गुदपरीक्षाही न करता महिनोन्‌महिने चालणाऱ्या तिच्या उपचारांत गुदांत्रातील अर्बुद वाढत राहते.

ग्रामीण भागातील लोक तपासणीस येत नाहीत, हे मत सरसकट खरे नाही. उस्मानाबाद (२०२३ पासून धाराशिव) जिल्ह्यात गर्भाशयग्रीवेच्या कर्करोगासंबंधी १९९९ मध्ये सुरू झालेला प्रयोग या दृष्टीने उद्‌बोधक आहे. टाटा स्मारक रुग्णालय व बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय यांच्या सहभागाने झालेल्या या प्रयोगात ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांचा समावेश होता. ज्यांना तपासणीस बोलाविले त्यांपैकी सु. चार-पंचमांश स्त्रिया आल्या, आणि विषाणुपरीक्षा केलेल्या गटात या रोगाचे मृत्यू आठ वर्षांत सु. निम्म्यावर आले. तुलनेच्या गटाला तपासणीविना ठेवल्याबद्दल या प्रयोगावर पुढे नैतिक टीकाही झाली. एरवी मात्र चित्र वेगळे आहे : २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार भारतातील ३० ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी केवळ १.९ टक्के स्त्रियांची ही तपासणी कधी काळी झाली होती.

निती आयोगाच्या २०१८ च्या आकांक्षित जिल्ह्यांत उस्मानाबादबरोबर वाशीमचाही समावेश होता. या जिल्ह्याच्या मालेगाव तालुक्यातील शिरपूर जैन हे अंतरिक्ष पार्श्वनाथाच्या मंदिरामुळे प्रसिद्ध असलेले गाव घेतले, तर अडचणींचे स्वरूप स्पष्ट होते. मलाचा नमुना घरीच घेता येतो, आशा कार्यकर्तीला तो गोळा करता येतो. पण मल हाताळण्याची किळस व संकोच असतो आणि पाण्याच्या शौचकुपात नमुना पाण्यात न पडू देता घेण्यासाठी कागद पसरण्यासारखी युक्ती शिकवावी लागते. उष्णतेने नमुन्यातील रक्तारुणाचे विघटन होते व परीक्षा खोटी नकारात्मक येते. खरिपातील सोयाबीनच्या हंगामात लोकांना सवड नसते आणि सवड असते तेव्हा विदर्भाचा उन्हाळा असतो, हा पेच कागदावरच्या योजनांत सहसा दिसत नाही. उलटपक्षी मूळव्याध, आमांश यांमुळेही रक्त आढळते व विनाकारण धास्ती वाटते. शाकाहारी माणसाला हा रोग होत नाही, ही समजूतही बरोबर नाही; प्रक्रियित व लाल मांस हे धोका वाढविणारे अनेक घटकांपैकी केवळ दोन होत.

सर्वांत कठीण टप्पा बृहदांत्रदर्शनाचा. त्यासाठी प्रशिक्षित तज्ज्ञ लागतो. आदल्या दिवशी रेचक घेऊन आतडे स्वच्छ करावे लागते, म्हणजे जवळ शौचालय व पाणी हवे. गुंगीचे औषध दिल्यास सोबतीला कोणी हवे. दोघांची दोन दिवसांची मजुरी बुडते व प्रवासखर्च वेगळा. वाशीम येथे २०२४ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाल्याने हे अंतर कमी होण्याची शक्यता निर्माण झाली आहे. जेथे ही सोय नाही तेथे गावभर मलपरीक्षा करणे म्हणजे लोकांना चिंता देऊन उपाय न देणे होय.

यामुळे अशा जिल्ह्यांत आरंभ रुग्णांच्या सख्ख्या नातेवाइकांपासून करणे अधिक व्यवहार्य ठरते. भावंडे व मुले यांना हा रोग होण्याचा धोका इतरांच्या सु. दुप्पट असतो. त्यांनी वयाच्या ४० व्या वर्षी, किंवा नातेवाइकाला ज्या वयात रोग झाला त्याच्या दहा वर्षे आधी, यांपैकी जे आधी येईल तेव्हा बृहदांत्रदर्शन करून घ्यावे, असे अनेक वैद्यकीय संस्थांचे मत आहे. या व्यक्तींची संख्या मर्यादित असते आणि शस्त्रक्रियेच्या वेळी रुग्णालयात रुग्णाजवळ बहुधा त्याच बसलेल्या असतात.