नोंदवही आणि मुखवटा

अमेरिकेतील चित्रकथांचे महावीर आमच्या विद्यार्थ्यांच्या चांगल्याच परिचयाचे आहेत. सन 2006-07 मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'सिव्हिल वॉर' या मार्व्हल चित्रकथेत एका भीषण स्फोटात शेकडो निरपराध माणसे मरण पावतात. त्यावरून सरकार असा कायदा करते की, अलौकिक शक्ती असलेल्या प्रत्येकाने आपले खरे नाव सरकारदरबारी नोंदवावे. आयर्न मॅन या कायद्याचा कैवार घेतो, तर कॅप्टन अमेरिका त्यास विरोध करतो. आणि कालचे स्नेही एकमेकांवर शस्त्र उगारतात.

ही झाली कल्पित कथा. परंतु माणसांच्या अशा नोंदीचा कायदा आपल्या देशात खरोखरच होता, हे पुष्कळांस ठाऊक नसते. सन 1871 मध्ये इंग्रज सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला. एखादी जमात सरकारने 'गुन्हेगार' म्हणून जाहीर केली की, तिच्यातील माणसांची नावे नोंदवहीत चढत. त्यांस हजेरी द्यावी लागे. परवान्यावाचून नेमलेली हद्द ओलांडणाऱ्यास पकडण्यात येई. त्या जाहीरनाम्याविरुद्ध न्यायालयात दाद मागण्याचीही सोय नव्हती! सोलापूरास तर अशा लोकांची तारेच्या कुंपणातील वसाहतच होती.

स्वतंत्र भारतात 31 ऑगस्ट 1952 रोजी हा कायदा रद्द झाला आणि त्या जमाती 'विमुक्त' म्हणून ओळखल्या जाऊ लागल्या. आर्णीच्या आसपास ज्यांचे तांडे आहेत, तो बंजारा समाजही महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत आहे. कायदा गेला, तरी त्याने मारलेला शिक्का लोकांच्या मनातून लवकर पुसला जात नाही. लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' हे आत्मकथन वाचावे, म्हणजे याची प्रचीती येईल.

मग नोंदणी मात्र वाईटच काय? तसे मुळीच नाही. सन 1969 च्या कायद्याप्रमाणे बालकाच्या जन्माची नोंद होते, म्हणून त्याला शाळेत प्रवेश घेणे सुकर होते. मोटार हाकणाऱ्याने परवाना घ्यावा, हेही रास्तच होय. कारण तेथे त्याचे कौशल्य पारखले जाते, कूळ नव्हे. चित्रकथेतील आयर्न मॅनचे म्हणणेही सर्वस्वी त्याज्य नाही. ज्याच्या हाती शक्ती, त्याने जाब दिला पाहिजे. पण 1871 च्या कायद्याने जाब मागितला तो शक्तिहीनांस, आणि तोही त्यांनी केलेल्या कृत्याबद्दल नव्हे, तर जन्माबद्दल. चित्रकथेतील वीरास मुखवटा तरी होता; तांड्यावरील बालकास तोही नव्हता.

म्हणून विद्यार्थिमित्रहो, कोणतीही नोंदवही पुढे आली की तीन प्रश्न विचारावेत: येथे कृत्य लिहिले जाते की जन्म? चुकीची नोंद खोडण्याचा मार्ग आहे काय? आणि लिहिणाऱ्यास कोणी जाब विचारू शकतो काय? आपल्या वर्गात तांड्यावरून वा पारध्यांच्या बेड्यावरून येणारा सोबती असेल, तर त्याचे नाव हजेरीपटावर इतर सर्वांच्या नावांसारखेच आहे, याची जाणीव ठेवावी. त्याच्याविषयी मत बनवावयाचे, ते त्याच्या वर्तनावरून.